रोज एक वाक्य : फळ्यावरच्या दहा मिनिटांचा इतिहास

 

स्मरणिकेसाठी विषय कळवा, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा सहल, स्नेहसंमेलन, शाळेबाहेरची बोरे-चिंचांची गाडी आणि दहावीचा निरोप समारंभ हे सगळे विषय तासाभरात संपले. व्याकरण मात्र कोणीच मागितले नव्हते. ते मी घेतले. हा लेख आठवणींचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या मराठीच्या बाई तास सुरू होताच फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक वाक्य लिहीत. फक्त एक. आठवी ते दहावी, तिन्ही वर्षे, रोज. पहिली दहा मिनिटे त्या वाक्याची, मग धडा. त्या दहा मिनिटांत दोन कामे होत. पहिले काम व्याकरण चालवण्याचे: शब्द कोणत्या जातीचा, त्याचे लिंग, वचन, विभक्ती आणि वाक्यातले काम काय. जुनी व्याकरणे याला पदपरिस्फोट म्हणत. दुसरे काम वाक्यपृथक्करणाचे: उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, कर्मविस्तार, विधानपूरक, विधेयविस्तार आणि क्रियापद असे रकाने पाडून प्रत्येक शब्द आपापल्या रकान्यात बसवायचा. बाईंचा नियम एकच होता, एकही शब्द बिनकामाचा उरता कामा नये. आणि सुरुवात नेहमी क्रियापदापासून.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आम्ही लिहिलेला प्रोग्राम संगणक चालवण्याआधी त्याची प्रत्येक ओळ सुटी करून पाहतो. हे काम करणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'पार्स' आहे. पार्स म्हणजे भाग, हिस्सा. लॅटिन शिकवणारे गुरुजी मुलांना विचारत, हा शब्द वाक्याचा कोणता भाग? म्हणजे माझ्या रोजच्या कामाला नाव मिळाले ते वर्गातल्या एका प्रश्नावरून. त्या प्रश्नाचा माग काढत गेले आणि आपल्या फळ्याच्या कोपऱ्याला किती लांबचे नातेवाईक आहेत ते कळत गेले.

इसवी सन 500च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, प्रिस्कियन नावाचा व्याकरणाचा शिक्षक होता. शहर ग्रीक बोलणारे, आणि तो शिकवायचा लॅटिन. व्हर्जिलच्या 'इनीड' या महाकाव्याचे बारा भाग आहेत. प्रिस्कियनने प्रत्येक भागाची फक्त पहिली ओळ घेतली. बारा ओळी, आणि त्यांच्यावर अख्खे एक पुस्तक. पुस्तक सगळे प्रश्नोत्तरांचे आहे. या ओळीत शब्द किती? नामे किती, क्रियापदे किती? हा शब्द कोणत्या जातीचा? तो कशापासून तयार झाला? त्याचे अनेकवचन काय? एका शब्दावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, असे करत एका ओळीतून निम्मे व्याकरण शिकवून होते. धडा भराभर पुढे न्यायचा नाही, एका जागी थांबून खणायचे, ही बाईंची पद्धत तिथे तयार दिसते.

परक्या भाषेच्या शाळेत ही पद्धत रुजली हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्या वर्गातही निम्म्या मुलांच्या घरी अहिराणी बोलली जायची. पुस्तकातली मराठी त्यांना अर्धी आपली, अर्धी पाहुणी. बाईंनी एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने बोललेले अहिराणी वाक्यच फळ्यावर लिहिले. आधी हसू पिकले. मग त्याचेही रकाने पाडले गेले. कर्ता सापडला, कर्म सापडले, क्रियापदाचे लिंग कोणामुळे ठरले तेही सापडले, आणि हसणारे गप्प झाले. अहिराणीलाही व्याकरण आहे, हे भाषणात सांगून पटले नसते.

दुसरे घराणे आपल्याकडचे. संस्कृत पाठशाळेत श्लोक लावण्याच्या दोन रीती आहेत. दंडान्वयात सगळे शब्द गद्याच्या क्रमाने एका ओळीत मांडायचे. खंडान्वयात आधी क्रियापद धरायचे आणि त्याला प्रश्न विचारत जायचे: कोण? काय? कशाने? कोणासाठी? कुठून? कुठे? एकेक प्रश्नाला एकेक शब्द उत्तर म्हणून पुढे येतो आणि श्लोक उलगडतो. बाईंचे "आधी क्रियापद शोधा, मग त्याला विचारा" हे सरळ खंडान्वयातून आलेले आहे.

या प्रश्नांच्या मागे पाणिनीची कारकव्यवस्था आहे. सुमारे चार हजार सूत्रांच्या अष्टाध्यायीत क्रियेशी असलेल्या नात्यांना कारक म्हटले आहे: कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण. मोजून सहा. आपण विभक्तीचा तक्ता पाठ करताना षष्ठीपुढे 'संबंध' म्हणत असू, पण संबंध हे कारक नव्हे. 'रामाची सायकल' यात रामाचे नाते सायकलशी आहे, क्रियापदाशी नाही. म्हणून षष्ठी वेगळी पडते.

पुढे नैयायिक आणि मीमांसक यांनी वाक्याचा अर्थ लागायला काय काय लागते याची चर्चा केली. आकांक्षा, म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची असलेली गरज. योग्यता, म्हणजे अर्थ जुळणे. सन्निधी, म्हणजे शब्द जवळजवळ असणे. 'तो विस्तवाने शिंपतो' हे योग्यता नसलेल्या वाक्याचे जुने उदाहरण आहे. विभक्ती बरोबर, रचना बरोबर, पण विस्तवाने शिंपता येत नाही. आमच्याकडे कंपायलर दोन वेगवेगळ्या तक्रारी करतो: एक रचनेची, म्हणजे कंस राहिला, शब्द कमी पडला, दुसरी प्रकाराची, म्हणजे आकडा हवा तिथे नाव दिले. पहिली आकांक्षेची चूक, दुसरी योग्यतेची. नव्या मुलांना शिकवताना मी हेच उदाहरण देते आणि ते त्यांच्या चटकन लक्षात येते.

ही दोन घराणी मराठीच्या फळ्यावर एकत्र आली एकोणिसाव्या शतकात. मराठीचे पहिले छापील व्याकरण विल्यम केरी यांनी 1805 मध्ये सेरामपूरहून काढले. ते इंग्रजीत होते, साहेबांना मराठी शिकण्यासाठी. मराठी मुलांना मराठी व्याकरण मराठीतून शिकवायचे हा विचार पुढचा. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 मध्ये आले. तेव्हा दादोबा जेमतेम बावीस वर्षांचे होते. त्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि शाळांत पिढ्यान्‌पिढ्या ते चालले. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात ते याचमुळे.

आता आपला तक्ता पुन्हा डोळ्यासमोर आणा. शब्दांच्या जाती आठ: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. ही आठांची वाटणी इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने आली. इंग्रजीने ती लॅटिनकडून घेतली होती आणि लॅटिनने ग्रीककडून. प्रिस्कियनच्याही जाती आठच, फक्त एखाददुसरे नाव वेगळे. आपल्याकडे यास्काने शब्दांचे चारच वर्ग केले होते: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पण त्याच तक्त्यात पुढचा रकाना विभक्तीचा आणि कारकाचा, तो पाणिनीचा. म्हणजे एका ओळीचे व्याकरण चालवताना आपण डावीकडे ग्रीस-रोम आणि उजवीकडे पाणिनी घेऊन बसत होतो.

आणखी एक गोष्ट त्या शतकाने दिली. ती इतकी साधी आहे की दिसतच नाही: पूर्णविराम. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेघ ओढत आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरे जोडत जात. शब्द कुठे तुटतो, वाक्य कुठे संपते, ते वाचणाऱ्याने ओळखायचे. मराठी छपाईत इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे रुळवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. फळ्यावर 'एक वाक्य' लिहायचे तर वाक्य नावाची चीज डोळ्यांना वेगळी दिसायला हवी. ती दिसू लागली या सुमारास.

दोन घराण्यांचा संसार मात्र सुखाचा झाला नाही. संस्कृतचा साचा मराठीला जागोजागी घट्ट होतो. 'बाळाला उचल' यात द्वितीया आणि 'बाळाला खाऊ दे' यात चतुर्थी, पण प्रत्यय दोन्हीकडे 'ला'च. रूप एक, नावे दोन. मग ओळखायचे कशावरून? कामावरून. प्रयोगांचेही तसेच. 'बाबांनी बाजारातून नवी सायकल आणली' यात आणणारे बाबा, पण 'आणली' हे रूप सायकलीकडे बघून आले. विळा असता तर आणला, बियाणे असते तर आणले. बाबांच्या जागी आई आली तरी क्रियापदाला त्याचे काही नाही. 'आईने बाळाला उचलले' यात तर ते कोणाकडेच बघत नाही. आणि 'मला भूक लागली' या वाक्याने आपला अख्खा तास खाल्ला होता, आठवते? बाईंनी कर्ता विचारला. पुस्तकाप्रमाणे 'भूक', कारण 'लागली' तिच्यामुळे. वर्गाचे म्हणणे, भूक लागली मला, आणि कर्ता भूक कशी? बाई म्हणाल्या, "उत्तर पुस्तकातले लिहा, शंका मात्र सोडू नका."

ती शंका आपलीच नव्हती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या व्याकरणाची चिकित्सा करणारे निबंध लिहिले. मोरो केशव दामले यांनी 1911 मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा जाडजूड ग्रंथ काढला आणि आधीच्या व्याकरणकारांची मते एकेक घेऊन तपासली. कवी केशवसुतांचे हे धाकटे बंधू. कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी 1987 मध्ये काढलेल्या पुस्तकाचे नावच 'मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद'. दीडशे वर्षे मोठमोठी माणसे ज्या प्रश्नांवर भांडली, ते प्रश्न मो. रा. वाळंब्यांचे पुस्तक हातात घेतलेल्या आठवीच्या मुलांपुढे बाईंनी रोज एका वाक्यातून ठेवले. व्याकरण म्हणजे कोणीतरी ठरवून दिलेली यादी, असे आपल्याला कधी वाटले नाही, याचे कारण हे आहे.

पद्धत जुनी म्हणून चांगली, असे मात्र म्हणता येत नाही. तिची कडक परीक्षा अमेरिकेत झाली. तिथेही शाळेत वाक्य फोडण्याचा मोठा रिवाज होता. 1847 मध्ये स्टीफन क्लार्क यांनी शब्द फुग्यांत बसवून वाक्याचे चित्र काढायला शिकवले. 1877 मध्ये ॲलॉन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग यांनी फुगे काढून रेघा आणल्या: एक आडवी रेघ, उद्देश्य आणि विधेय यांच्यामध्ये उभी रेघ, विशेषणे खाली तिरकी लटकलेली. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ती चित्रे काढली. मग 1963 मध्ये रिचर्ड ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी तोवरचे संशोधन तपासून सांगितले की नुसते औपचारिक व्याकरण शिकवल्याने मुलांचे लेखन जवळजवळ सुधारत नाही. उलट लिहिण्याचा वेळ त्यात जात असेल तर नुकसानच होते. 2007 मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांच्या अहवालाचा निष्कर्षही व्याकरणाच्या तासाला अनुकूल नव्हता. पण त्याच अहवालात एक गोष्ट उपयोगी ठरली: छोटी वाक्ये जोडून मोठे वाक्य करण्याचा सराव.

हे वाचून मी आपल्या वह्या आठवल्या. वाक्यपृथक्करणानंतर आपल्याला काय असायचे? वाक्यसंकलन. दोन केवल वाक्यांचे एक मिश्र वाक्य करा, संयुक्त करा, पुन्हा केवल करा. बाई शेवटची दोन मिनिटे त्यासाठी राखून ठेवत. फोडलेले वाक्य पुसून टाकायचे आणि ज्याने त्याने ते आपल्या पद्धतीने परत बांधायचे. नुसते फोडणे हे अर्धे काम. घड्याळ उघडणारे पुष्कळ असतात, परत जोडून चालू करणारा कारागीर.

याच सुमारास प्रश्नाला तिसरे घर मिळाले, माझे. 1960 मध्ये अल्गोल या संगणकभाषेचे व्याकरण जॉन बॅकस आणि पीटर नौर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमपद्धतीत लिहिले गेले. 1967 मध्ये पी. झेड. इंगरमन यांनी सुचवले की अशी नियमरचना पाणिनीने फार पूर्वी केली होती, तेव्हा या पद्धतीला पाणिनी-बॅकस म्हणावे. आपल्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी फिरणारा 'नासाने संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवले' हा निरोपही इथेच निकालात काढते. 1985 मध्ये नासाच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी एक लेख लिहिला होता. शास्त्रीय संस्कृतातली वाक्यविवरणाची पद्धत आणि संगणकात ज्ञान मांडण्याची पद्धत यांच्यातले साम्य त्यांनी दाखवले. लेख एका संशोधकाचा, संस्थेचा ठराव नव्हे. खरा अभिमान बाळगायचा तर वेगळी गोष्ट आहे. आयआयटी कानपूर आणि पुढे हैदराबादच्या ट्रिपल आयटीमधील अभ्यासकांनी भारतीय भाषांची वाक्ये संगणकासाठी फोडताना पाणिनीची कारकेच खुणा म्हणून वापरली. कर्त्याला 'के1', कर्माला 'के2', असे क्रमांक. तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो वाचायला शिकावा लागला नाही.

आता यंत्रे स्वतःच अस्खलित वाक्ये लिहू लागली आहेत. मग माणसाने वाक्य कशाला फोडायचे, असे माझी मुलगी विचारते. तिला मी एका पत्राची गोष्ट सांगितली. वडिलांच्या आजारपणाच्या खर्चाचा दावा एका विमा कंपनीकडे केला होता. उत्तरात एकच वाक्य: 'आपला दावा नामंजूर करण्यात आला आहे.' भाऊ चिडला, आई खचली. मी त्या वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारली आणि विचारले: कोणी? कशाने? वाक्यात कर्ता नव्हता, करण नव्हते, कारण नव्हते. 'करण्यात येत आहे' ही रचना अशी आहे की काम होते आणि करणारा कुठेच दिसत नाही. नोटिसा, करारनामे, परिपत्रके तिने भरलेली असतात. मी परत लिहिले: निर्णय कोणत्या अधिकाऱ्याने घेतला, कोणत्या कलमाने आणि कोणत्या कारणाने? तीन आठवड्यांनी उत्तर आले. त्यात पद होते, कलम होते, आणि डिस्चार्जचा एक राहून गेलेला कागद मागितला होता. कागद दिला, दावा मंजूर झाला. वाक्य चुकीचे नव्हते. यंत्राने तपासले असते तर शुद्धच ठरले असते. त्यात काय नाही, हे ओळखायला क्रियापदाला प्रश्न विचारायची सवय लागते.

दीड हजार वर्षांच्या या वाटेवर मला एकच गोष्ट सारखी दिसते. नाव देऊन थांबली तिथे ही पद्धत रट्टा झाली: 'नाम, पुल्लिंगी, एकवचनी' म्हटले की सुटलो. प्रश्न चालू राहिला तिथे ती जिवंत राहिली. बाईंच्या तासाला नावे आपणही पाठ केली, त्यातली बरीच विसरलो असू. कोण, काय, कशाने, कोणासाठी हे विचारणे मात्र अंगात मुरले. ज्यांच्या घरी पुस्तके नव्हती त्यांच्याही.

म्हणून मेळाव्याच्या निमित्ताने एक सूचना. शाळेला आपण पाण्याची टाकी आणि संगणक देतोच आहोत. त्यासोबत आणखी एक बिनखर्चाची गोष्ट देऊ. प्रत्येकाने आपल्या कामातले एक खरे वाक्य पाठवायचे. कोणी बँकेतल्या कर्जाच्या कागदातले, कोणी दवाखान्यातल्या सूचनेतले, कोणी एसटीच्या वेळापत्रकाखालचे, कोणी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावरचे, कोणी कोर्टाच्या समन्समधले. अहिराणी वाक्येही चालतील, नव्हे, हवीतच. आपण सगळ्यांनी तीन-तीन वाक्ये दिली तरी शाळेचे एक वर्ष निघेल. सध्याच्या मराठीच्या शिक्षकांशी मी बोलले आहे. पहिली दहा मिनिटे द्यायला ते तयार आहेत. वाक्ये गोळा करायची वही मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर ठेवलेली असेल. पहिले पान बाईंसाठी कोरे सोडले आहे.